दोन खुर्च्या, एक कीबोर्ड

गेल्या महिन्यात एक मुलगा प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन आला. इंग्रजी बिनचूक, कोडही चालत होता. एका फंक्शनवर बोट ठेवून मी विचारलं, "हे काय करतं?" तो म्हणाला, "मॅडम, ते चॅटजीपीटीनं दिलंय. ओरलला काय विचारतील तेवढंच सांगा." त्याचा राग आला नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही.

मी कर्वेनगरातल्या घरी प्रोग्रॅमिंगच्या शिकवण्या सुरू केल्या त्या २००१ साली. संगणक एकच, तोही जुना. म्हणून दोघांना शेजारी बसवायचे. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं वाचत प्रश्न विचारायचे, अर्ध्या तासानं जागा बदलायच्या. सॉफ्टवेअर अभियंते केंट बेक यांनी १९९९च्या पुस्तकात याच पद्धतीचा आग्रह धरला होता आणि तिला पेअर प्रोग्रॅमिंग म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. माझा नियम एकच होता: कीबोर्डला मी हात लावणार नाही.

साताऱ्याकडची एक मुलगी आठवते. बारावीपर्यंत मराठी माध्यम. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर तिचा सरासरीचा प्रोग्रॅम भलतंच उत्तर देत होता. आकडा वाचून घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलआधीचं अँड-चिन्ह राहिलं होतं. मला ते लगेच दिसलं, तरी मी चाळीस मिनिटं गप्प बसले. शेजारच्या मुलानं विचारलं, "पण तू दिलेला आकडा ठेवतो कुठे तो?" तिनं कागदावर चौकोन काढले, त्यांना घरासारखे नंबर दिले आणि एकदम ओरडली, "त्याला किंमत नकोय, पत्ता हवाय!" पत्ता साठवणारे पॉइंटर तिला वेगळे शिकवावेच लागले नाहीत.

मग चुकांची वही. काय चुकलं, का चुकलं, ते आपल्या भाषेत लिहायचं आणि जोडीदाराला मोठ्यानं वाचून दाखवायचं. तो अडखळला की वाक्य पुन्हा लिहायचं. मी लाल पेन कधी वापरलं नाही. मुलांचे रिपोर्ट त्या वहीतूनच उभे राहिले, आधी मराठीत, मग इंग्रजीत.

याच काळात एका परीक्षकानं माझ्या विद्यार्थ्याचे गुण कापले, कारण त्यानं छापील मॅन्युअलमधल्या 'व्हॉइड मेन'ऐवजी 'इंट मेन' लिहिलं होतं. सी भाषेचं प्रमाण १९८९पासून 'इंट मेन'च सांगतं. मुलगा बरोबर होता, हे मी आजही ठामपणे सांगते. एका क्लासचालकानं मला सोडवलेल्या प्रश्नसंचांचं काम देऊ केलं होतं. "मुलांशी गप्पा मारून निकाल लागत नाही," असंही सुनावलं होतं. ते काम मी नाकारलं.

२०१०नंतर प्रत्येकाकडे लॅपटॉप आला आणि दुसरी खुर्ची रिकामी झाली. पुढे व्हिडिओ, पॅकेजची चौकशी, कोविडमधले बंद कॅमेरे. त्या वर्षांबद्दल लिहावं असं फार काही नाही.

उत्तर आता क्षणात मिळतं, आणि आपण कुठे चुकलो हे शोधायला कुणालाच वेळ नसतो. त्या चाळीस मिनिटांची जागा कोणतंही यंत्र घेऊ शकत नाही, असं माझं पंचवीस वर्षांच्या अनुभवानंतरचं मत आहे. पालकांनो, मुलाचा प्रोग्रॅम चालला का हे विचारू नका. तो कसा चालतो ते त्याला समजावून सांगायला लावा. जूनपासून मी पुन्हा जोडीनंच मुलं घेणार आहे, दोघांत एक लॅपटॉप. येताना कोरी वही आणावी.