दोन अपत्यांची अट: श्रेय कशाचं, शिक्षा कुणाला

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका लागल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं. 2025च्या डिसेंबरात नगरपालिकांच्या आणि 2026च्या जानेवारीत महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या, तेव्हाही ते गल्लोगल्ली ऐकू आलं: 'दोन मुलांची अट घातली म्हणून तर महाराष्ट्राची लोकसंख्या आटोक्यात आली.' शिकलेली माणसं हे म्हणतात, पक्षांचे कार्यकर्ते म्हणतात, ज्यांच्या घरातल्या सुनेचा अर्ज याच अटीपायी बाद झाला तेही म्हणतात. इतक्या आत्मविश्वासाने सांगितल्या जाणाऱ्या या विधानाला आकड्यांचा आधार मात्र नाही.

आधी अट नेमकी काय ते पाहू. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14(1)(ज-1)नुसार दोनपेक्षा जास्त अपत्यं असलेली व्यक्ती पंचायतीची सदस्य होऊ शकत नाही आणि राहूही शकत नाही. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, महानगरपालिका यांच्या कायद्यांतही अशीच तरतूद आहे. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या कायद्यांतली ही दुरुस्ती 13 सप्टेंबर 2000 रोजी अमलात आली. त्याआधीच ज्यांना दोनपेक्षा जास्त मुलं होती त्यांना अटीतून वगळलं गेलं, आणि पुढे एक वर्षाची सवलतही मिळाली. म्हणून उमेदवाराच्या घोषणापत्रात सप्टेंबर 2001 ही सीमारेषा येते. त्या तारखेनंतरच्या जन्माने अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली की माणूस अपात्र.

आता आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुलं होतात ते मोजतं. महाराष्ट्रात ही सरासरी 1992-93मध्ये 2.9 होती आणि 1998-99मध्ये 2.5. म्हणजे अट लागू होण्याआधीच ती झपाट्याने उतरत होती. 2005-06मध्ये ती 2.1 झाली, 2015-16मध्ये 1.9 आणि 2019-21मध्ये 1.7. हा उतार सलग आहे. 2001 साली त्यात कुठे झटका दिसत नाही, वळण दिसत नाही. केरळने पंचायतीच्या उमेदवारांवर अशी अट कधीच घातली नाही, आणि तिथली सरासरी 1992-93मध्येच 2.0 होती. तमिळनाडूनेही घातली नाही. तिथे 2019-21मध्ये ती 1.8 होती.

यावर लगेच उत्तर येतं की दक्षिणेची गोष्ट वेगळी, उत्तरेत शिक्षेशिवाय लोक ऐकत नाहीत. मग उत्तरेतलीच दोन शेजारी राज्यं घेऊ. राजस्थान आणि मध्य प्रदेश, दोन्हीकडे पंचायतीसाठी दोन मुलांची अट होती. मध्य प्रदेशाने ती 2005मध्ये काढून टाकली, राजस्थानने पुढेही चालू ठेवली. 2005-06च्या सर्वेक्षणात राजस्थानची सरासरी 3.2 होती, मध्य प्रदेशाची 3.1. दीड दशकानंतर, 2019-21च्या सर्वेक्षणात, दोन्ही राज्यं 2.0वर आली. एकाने अट ठेवली, दुसऱ्याने सोडली, आणि दोघंही एकाच ठिकाणी पोचले. हरियाणाने 2006मध्ये अट रद्द केली, तेव्हा तिथली सरासरी 2.7 होती. त्यानंतर ती वाढायला हवी होती ना? ती 1.9 झाली. हिमाचल प्रदेशाने 2005मध्ये रद्द केली, 2019-21मध्ये तिथे 1.7 होती, महाराष्ट्राइतकीच.

जन्मदर मुली शाळेत टिकल्यामुळे उतरतो, लग्नाचं वय पुढे गेल्यामुळे उतरतो, बाळं जगू लागल्यामुळे आणि सरकारी दवाखान्यात साधनं मिळू लागल्यामुळे उतरतो. हे श्रेय एएनएम परिचारिकांचं आहे, आशा सेविकांचं आहे, शाळेच्या बाईंचं आहे, आणि सगळ्यात जास्त त्या बायकांचं आहे ज्यांनी स्वतःच्या शरीरावर शस्त्रक्रिया करून घेतली. 2019-21च्या सर्वेक्षणानुसार देशात 37.9 टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण 0.3 टक्के आहे. हा आकडा समोर असताना लोकसंख्या आटोक्यात आणल्याचं श्रेय निवडणूक अर्जातल्या एका रकान्याला द्यायचं, हे मला सहन होत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. एस. अनुकृती आणि अभिषेक चक्रवर्ती या अर्थशास्त्रज्ञांनी अनेक राज्यांतल्या या अटींचा अभ्यास केला, आणि त्यांना जन्मांच्या संख्येत थोडी घट दिसलीही. म्हणजे परिणाम शून्य असं कुणी म्हणू नये. पण त्याच अभ्यासात उच्चवर्णीय कुटुंबांत मुलींच्या जन्माचं प्रमाण घसरलेलं दिसलं. मुलगा हवाच असलेल्या घराला सांगितलं की तुमच्याकडे दोनच संधी आहेत, तर ते घर दुसऱ्या संधीचं काय करेल, हे आपल्याला वेगळं सांगावं लागतं का? गर्भलिंगनिदानाविरुद्ध 1988मध्ये देशात सर्वांत आधी कायदा करणारं राज्य महाराष्ट्र होतं. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 2001च्या 913वरून 2011मध्ये 894वर आली. बीडमध्ये ती 894वरून 807वर कोसळली. याचं एकमेव कारण ही अट आहे असं मी म्हणणार नाही. सोनोग्राफी यंत्रं, हुंडा, शेतीची वाटणी, सगळंच त्यात आहे. मात्र एका हाताने गर्भलिंगनिदान रोखायचं आणि दुसऱ्या हाताने त्याचं आणखी एक निमित्त पुरवायचं, हे सरकारने करू नये एवढं तरी मान्य व्हावं.

दुसरा युक्तिवाद असा: 'ज्याला पुढारीपण करायचंय त्याने आधी स्वतःला आवरावं. यात अन्याय कसला?' या वाक्यातला माणूस नेहमी पुरुष असतो. आधी निवडणूक लढवायचं ठरवतो, मग मुलांचा विचार करतो. गावातल्या बाईचं आयुष्य असं चालत नाही. महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास 22 टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, हेही त्याच 2019-21च्या सर्वेक्षणात आहे. पंचायत निवडणूक लढवायला वय 21 लागतं. सतराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी, पहिल्या दोन मुली, सासूचा आणि नवऱ्याचा तिसऱ्यासाठी हट्ट. उमेदवारीचा विचार मनात येण्याइतकं वय होण्याआधीच ती अपात्र होऊन बसते. स्थानिक संस्थांत 2011पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आरक्षणाची सोडत निघते, वॉर्ड महिलेसाठी सुटतो, बचत गटात दहा वर्षं हिशोब सांभाळणाऱ्या बाईला सगळे म्हणतात 'आता तुम्हीच उभ्या राहा', आणि छाननीच्या दिवशी हरकत येते. हरकत घेणारा गावातलाच असतो, तिच्या तिसऱ्या मुलाचा अंगणवाडीतला दाखला घेऊन आलेला.

निवडणुकीच्या निकोपपणाचा प्रश्न इथे येतो. विरोधकाच्या घरात किती पाळणे हलले, याची खानेसुमारी करणं हा प्रचाराचा भाग होतो. अपात्रतेच्या तक्रारी जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, तिथून आयुक्तांकडे, तिथून उच्च न्यायालयात. निवडून आलेल्या सरपंचबाईंचा अर्धा कार्यकाळ त्यातच जातो. मतदारांनी ज्यांना कौल दिला, त्यांना मतदारांच्या नव्हे तर जन्मनोंदणीच्या कागदावरून घरी पाठवलं जातं.

निर्मला बुच यांनी महिला चेतना मंचाच्या वतीने आंध्र प्रदेश, हरियाणा, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या पाच राज्यांत या अटीचा अभ्यास केला. तो 2005मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. बायकोला टाकून देणं, घटस्फोट, गर्भपात, तिसरं मूल दुसऱ्याला देऊन टाकणं, त्याचा बाप आपण नाहीच म्हणणं, अशी उदाहरणं त्यांना सापडली. पद नवऱ्याचं वाचलं आणि घर बाईचं मोडलं. जे मूल नाकारलं गेलं, ते तर कुठल्याच यादीत मोजलेलं नाही.

'तिसरं मूल दत्तक द्या, प्रश्न मिटला' असा सल्ला आजही सर्रास दिला जातो. प्रश्न मिटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2003मध्ये जावेद विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात हे स्पष्ट केलं आणि 2018मध्ये ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात पुन्हा तेच सांगितलं: मूल तुमच्या पोटी जन्मलं, ते कुणाच्याही ओटीत घातलं तरी मोजलं जाणारच. गोंधळ बहुधा होतो तो आपल्या कायद्यातल्या स्पष्टीकरणामुळे. दत्तक 'घेतलेलं' मूल मोजू नये असं त्यात म्हटलं आहे. ऐकणाऱ्याने ते दत्तक 'दिलेल्या' मुलालाही लावून घेतलं. या चुकीच्या सल्ल्यापायी एखादं लेकरू आईपासून तुटतं आणि अपात्रता तर तशीच राहते. असा सल्ला देणाऱ्यांनी एकदा तरी कायदा उघडून पाहावा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. जुळी झाली की अपात्र? एक मूल असताना पुढच्या बाळंतपणात जुळी किंवा तिळी झाली, तर ते एकच अपत्य धरतात. मतदानाचा हक्क जातो? अजिबात नाही, अट फक्त उमेदवाराला आहे. केंद्रीय निवडणूक आयोगाने हा नियम केला? स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि अट घातली ती विधिमंडळाने, आयोगाने नाही. सरकारी नोकरीतलाही हाच नियम? तो वेगळा आहे, 2005च्या लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाच्या नियमांतला, आणि त्याची सीमारेषा मार्च 2006ची आहे. एका विशिष्ट धर्माच्या लोकांना चाप लावण्यासाठी ही अट आहे, असंही काही जण समाधानाने सांगतात. ती सगळ्यांना सारखी लागू आहे. शिवाय देशात मुस्लिम स्त्रियांची सरासरी 1992-93च्या 4.4वरून 2019-21मध्ये 2.4वर आली आहे, आणि उतरण्याचा तिचा वेग हिंदू स्त्रियांच्या सरासरीपेक्षा जास्त आहे.

आमदार-खासदारांनाही ही अट आहे असं पुष्कळांना वाटतं, कारण तसं नसेल यावर त्यांचा विश्वासच बसत नाही. नाही. 1992मध्ये त्यासाठी 79वं घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत आलं होतं. ते कधीच मंजूर झालं नाही. म्हणजे जी माणसं कायदे करतात त्यांना मुलांची मर्यादा नाही, आणि जी बाई गावातल्या नळाची नि गटाराची काळजी वाहणार तिला आहे. केंद्र सरकारने तर डिसेंबर 2020मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन सांगितलं की कुटुंब नियोजनात सक्तीला आपला विरोध आहे, सक्तीचे परिणाम उलटे होतात. हे केंद्राचं धोरण असेल, तर राज्याच्या ग्रामपंचायतीला ते का लागू होऊ नये?

आपल्याकडे सक्तीची आठवण पुसली गेली आहे, याचं मला फार वाईट वाटतं. आणीबाणीत, 1976मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही. आणि याच महाराष्ट्रात, त्याच्या अर्ध्या शतकाहून अधिक आधी, 1921मध्ये र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. तेव्हाच्या समाजाचा रोष अंगावर घेऊन ते लोकांना समजावत राहिले. मूल कधी हवं, किती हवीत, हे बाईने समजून-उमजून ठरवावं, यासाठी त्यांचं आयुष्य गेलं. संततिनियमनाच्या नावाखाली सक्तीची भलामण करणाऱ्यांनी कर्व्यांचा वारसा सांगू नये.

आंध्र प्रदेशाने 1994पासूनची अट नोव्हेंबर 2024मध्ये रद्द केली. कारण दिलं ते असं की मुलं कमी झाली, म्हातारी माणसं वाढली, आणि आता मोठी कुटुंबं हवीत. अट गेली याचा आनंद आहे, पण हे कारण मला धोक्याचं वाटतं. काल कमी मुलं हवी होती म्हणून जास्त मुलांच्या आईला बाहेर ठेवलं. उद्या जास्त हवी म्हणून एकाच मुलावर थांबलेल्या बाईला कुणी मागे सारणार नाही कशावरून?

शेवटचा गैरसमज: 'सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली, आता काही होऊ शकत नाही.' जावेद खटल्यात न्यायालयाने म्हटलं की अशी अट घालण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे. बायका आता इतक्या असहाय नाहीत की इच्छा नसताना तिसरं मूल जन्माला घालतील, असंही न्यायालयाला वाटलं. गावात राहणाऱ्या कुठल्याही बाईला विचारावं, तिला काय वाटतं. मात्र स्त्रियांसाठी अपवाद करायचा झाल्यास विधिमंडळ तो करू शकतं, हेही त्याच निकालात लिहिलेलं आहे. हिमाचल, मध्य प्रदेश, हरियाणा आणि आंध्र यांनी ही अट आपापल्या विधानसभेत साध्या दुरुस्तीने काढली. त्यासाठी घटनादुरुस्ती लागली नाही, केंद्राची परवानगी लागली नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळालाही ते कुठल्याही अधिवेशनात करता येईल.