ट्रेलरचा टायर तापतोय, हे केबिनमध्ये बसून कळणार कसं?

माझ्या मामाचा ट्रेलर आहे. पुढे इंजिनवाला भाग, ज्याला ड्रायव्हर मंडळी 'घोडा' म्हणतात, आणि मागे चाळीस फुटी कंटेनर. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात न्हावा शेव्याहून बुटीबोरीला जाताना मागच्या एका जोडचाकातला आतला टायर बसला. कधी बसला, मामाला पत्ताच नाही. सगळा भार बाहेरच्या टायरवर आला आणि तो फुटला. त्याची पट्टी उडून मागच्या कारसमोर पडली. कारवाल्याने वेळेत कट मारला म्हणून वाचला. त्यानेच पुढे येऊन हात करून मामाला थांबवलं.

"अरे, मला केबिनमध्ये काहीच जाणवलं नाही," मामा फोनवर पुन्हा पुन्हा हेच सांगत होता. त्यानंतर आम्ही ट्रेलरला टीपीएमएस, म्हणजे टायरमधली हवा आणि तापमान सतत मोजणारी यंत्रणा बसवली. त्या निमित्ताने जे समजलं ते इथे सांगतो.

ड्रायव्हरला का कळत नाही?

घोड्याचा पुढचा टायर बसला तर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. ट्रेलर मात्र घोड्याला एका खुंटीवर जोडलेला असतो, त्यामुळे मागच्या चाकांची तक्रार स्टिअरिंगपर्यंत पोहोचतच नाही. त्यात जोडचाकं असली की एक टायर बसला तरी दुसरा गाडी उचलून धरतो. आरशात सगळं ठीक दिसतं. जुने ड्रायव्हर ढाब्यावर थांबले की टामीने प्रत्येक टायर ठोकून आवाज ऐकतात. पद्धत चांगली आहे, पण पार बसलेला टायर त्यात सापडतो, थोडी हवा कमी असलेला नाही. आणि चालत्या गाडीत ठोकणार कोण?

हवा कमी तर उष्णता जास्त

तार तोडायची असेल तर आपण ती एकाच जागी पुढे-मागे वाकवतो. ती जागा बोटाला गरम लागते ना? टायरचंही तेच होतं. हवा कमी असली की प्रत्येक फेरीत त्याची बाजू जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. त्या वाकण्यातून उष्णता तयार होते, रबर आणि आतले थर यांची पकड सुटते आणि शेवटी टायर फाटतो.

आता थोडं गणित, कारण खरी गंमत इथे आहे. समजा सकाळी ३० अंशाला थंड टायरमध्ये ११० पीएसआय हवा भरली. चालून आतली हवा ७० अंशांवर गेली की तोच टायर साधारण १२६ दाखवतो. हे नॉर्मल आहे. आता शेजारच्या टायरमधून हवा हळूहळू गळून सकाळी ९५ च उरली होती असं समजा. ७० अंशांवर तो दाखवेल जवळपास ११०. म्हणजे अगदी 'बरोबर' आकडा! नुसतं प्रेशर पाहणारा फसणार. तापमान सोबत दिसलं आणि बाजूचे टायर १२६ वर आहेत हे दिसलं, तरच चोर सापडतो.

सेन्सरमध्ये असतं काय?

बोटाच्या पेराएवढ्या डबीत चार गोष्टी: दाब मोजणारी चिप, तापमान मोजणारी चिप, बटण-सेल आणि रेडिओ. बहुतेकांत हालचाल ओळखणारी चिपही असते. गाडी उभी असेल तर सेन्सर झोपतो आणि सेल वाचतो.

सेन्सर दोन प्रकारचे मिळतात. एक रिमच्या आत बसतो. दुसरा व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बाहेरून लागतो. बाहेरचा स्वस्त आणि सोपा, पण त्याला वारा लागतो, म्हणून तो आतल्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. त्याचा आकडा खरा मानण्यापेक्षा बाकीच्या चाकांशी ताडून पाहा. तो लावल्यावर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का तेही बघा, नाहीतर सेन्सरच हवा गळवायचा!

मोबाईलवर दिसेल का?

दिसेल, पण थोडं सांभाळून. ब्लूटूथवाले सेन्सर थेट ॲपला आकडे पाठवतात. कार किंवा छोट्या ट्रेलरला ते चालतात. मामाच्या गाडीत मधे पूर्ण लोखंडी कंटेनर, त्यामुळे मागच्या चाकांचा सिग्नल केबिनपर्यंत येईना. शेवटी ४३३ मेगाहर्ट्झवर चालणारा संच घेतला, मधे एक रिपीटर लावला आणि केबिनमध्ये त्याचाच छोटा डिस्प्ले ठेवला.

ॲप वापरणार असाल तर फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. नाहीतर नकाशा आणि गाणी चालू असताना अँड्रॉइड ते ॲप मागच्या मागे बंद करतो. स्क्रीन शांत, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. जुन्या अँड्रॉइडवर (११ पर्यंत) ब्लूटूथ स्कॅनसाठी लोकेशनची परवानगीही द्यावी लागते.

अलार्म कसा लावायचा?

- हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना भरा. कंपनीने त्या भारासाठी सांगितलेला आकडा हाच पाया.
- कमी हवेचा अलार्म त्या आकड्याच्या १० ते १५ टक्के खाली ठेवा. २० टक्के कमी हवेवर चाललेला ट्रकचा टायर 'बसलेला'च समजतात.
- एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम, पण हवा गळत नाही? मग ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग जातंय का ते पाहा.
- गरम टायरचं प्रेशर वाढलं म्हणून हवा काढू नका. थंड झाल्यावर ती कमीच पडेल.

अलार्म वाजला तर?

हळूहळू वेग कमी करा आणि सुरक्षित जागी कडेला घ्या. आणि सर्वात महत्त्वाचं: बसलेल्या अवस्थेत चाललेल्या टायरमध्ये तिथेच हवा भरून पुढे जाऊ नका. आतल्या पोलादी तारा तुटलेल्या असू शकतात. हवा भरताना बाजू चेन उघडावी तशी फाटते आणि समोरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. असा टायर काढून, आतून तपासूनच वापरायचा. हवा भरणाऱ्या पोरालाही हे सांगा, कारण टायरसमोर तोच बसलेला असतो.

अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून सगळ्या नव्या कारना टीपीएमएस सक्तीचं आहे. युरोपात जुलै २०२४ पासून नव्या मोठ्या ट्रेलरनाही. आपल्याकडे अशी सक्ती नाही, म्हणून निर्णय मालकाचा.

मागच्या उन्हाळ्यात सिन्नरच्या अलीकडे मामाचा डिस्प्ले वाजला. एका चाकाचं तापमान चढत होतं, हवा जागेवर होती. थांबून पाहिलं तर ब्रेक चिकटला होता. दीड तास गेला, टायर वाचला. मामा अजूनही ढाब्यावर टामी घेऊन उतरतोच. उतरू दे. पण आता दोन ढाब्यांच्या मधेही कोणीतरी लक्ष ठेवून असतं.