मातीची कंपनी, बिडकीनच्या शिवारात

छत्रपती संभाजीनगर–पैठण रस्त्यावरच्या बिडकीन परिसरात काळी, चुनखडीयुक्त जमीन जागोजागी आढळते. अशा जमिनीत जस्त व लोह असूनही पिकाला मिळत नाही. मोसंबीचं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उपाय माती परीक्षणापासून सुरू होतो, आणि ते गटाने केलं तरच परवडतं.

गटासाठी सोयीचा साचा म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनी. किमान 10 उत्पादक ती स्थापू शकतात. 2020 च्या केंद्रीय योजनेत अशा कंपनीला 3 वर्षांत 18 लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो. खरी परीक्षा चौथ्या वर्षी. अनुदान संपलं की बऱ्याच कंपन्या कागदावरच उरतात!

म्हणून उत्पन्नाचे मार्ग पहिल्या दिवसापासून हवेत. नमुना तपासणीची फी घ्यावी, पण पोट त्यावर भरत नाही. खरा पैसा अहवालानंतर आहे: शिफारशीप्रमाणे खतांची एकत्र खरेदी, गांडूळखताची विक्री, पऱ्हाटी कुट्टी करणारं यंत्र भाड्याने देणं. तलावातला गाळ आणायचा तर वाहतूक वाटून घेता येते. राज्यात त्यासाठी 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. मात्र आधीच चिकण असलेल्या भारी रानात गाळ टाकू नये, तो हलक्या, मुरमाड जमिनीसाठी.

सेंद्रिय कर्ब सावकाश वाढतो, एका हंगामात फरक दिसत नाही. त्यामुळे नफ्याचा काही भाग पुढच्या तपासणीसाठी राखून ठेवण्याचा ठराव पहिल्याच सर्वसाधारण सभेत करावा.