दोन डोंगरांमधली वाट

रानमेंढ्या डोंगरांवर राहतात. त्यांचे भवितव्य मात्र डोंगरांमधल्या सपाटीवर ठरते.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील मोहावी वाळवंटात ओसाड, खडकाळ डोंगररांगा समुद्रातील बेटांसारख्या सुट्या सुट्या उभ्या आहेत आणि त्यांच्या दरम्यान रुंद सपाट खोरी पसरलेली आहेत. या रांगांवर बिगहॉर्न नावाच्या रानमेंढ्या राहतात. तीक्ष्ण नजर आणि उभ्या कड्यांवर झपाट्याने चढून जाण्याचे कसब हीच प्यूमासारख्या शिकाऱ्यापासून बचावाची त्यांची साधने असल्यामुळे त्यांचा मुक्काम चढणीवर असतो, आणि सपाटीवर त्या फार काळ रेंगाळत नाहीत. साहजिकच डोंगर राखला की मेंढी राखली, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. गेल्या काही दशकांच्या संशोधनाने ही समजूत अपुरी ठरवली आहे.

एका रांगेवरच्या कळपात अनेकदा काही डझनच जनावरे असतात, आणि एवढ्या लहान संख्येला सलग दोन-तीन वर्षांचा दुष्काळ, एखादा आटलेला झरा किंवा रोगाची एक साथ पुरेशी ठरते. विसाव्या शतकात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागात नोंदल्या गेलेल्या ८० समूहांपैकी ३० नामशेष झाले. इतकी पडझड होऊनही प्रजाती तग धरून राहिली याचे कारण हे समूह पूर्णपणे एकाकी नव्हते. एका डोंगरावरचे जनावर अधूनमधून खोरे ओलांडून दुसऱ्या डोंगरावर जात असे आणि रिता झालेला डोंगर कालांतराने पुन्हा वसत असे. अशा, अंतराने विभागलेल्या पण ये-जा करून एकमेकांना सावरणाऱ्या समूहांच्या जाळ्याला जीवशास्त्रात ‘मेटापॉप्युलेशन’, म्हणजे समूहांचा समूह, म्हणतात. वर्नन ब्लाइख, जॉन वेहाउसेन आणि स्टीव्हन हॉल यांनी १९९० साली वाळवंटी बिगहॉर्नच्या बाबतीत हीच मांडणी केली आणि डोंगरांइतकेच त्यांच्यामधल्या सपाट पट्ट्यांनाही संरक्षण हवे, असा आग्रह धरला.

या येण्या-जाण्यात नर आणि मादी यांचे वाटे वेगळे आहेत. माजाच्या काळात मेंढे दूरवर भटकतात आणि त्यांच्याबरोबर एका समूहातील जनुके दुसऱ्या समूहात पोहोचतात, ज्याला जनुकप्रवाह म्हणतात. हा प्रवाह थांबला की लहान कळपात नात्यातल्या नात्यात प्रजनन वाढते, जनुकीय वैविध्य घटते आणि रोगाला किंवा बदलत्या हवामानाला तोंड देण्याची क्षमता क्षीण होते. मेंढ्या मात्र सहसा आईने दाखवलेल्या टापूतच आयुष्य काढतात, आणि मादी आल्याशिवाय रिता डोंगर पुन्हा वसू शकत नाही. म्हणूनच एखादा मेंढा पलीकडे गेल्याने जनुके जगतात, परंतु डोंगर जगण्यासाठी माद्यांना धीर वाटेल इतकी जवळची आणि निर्धोक वाट लागते.

या वाटांना आडवे गेले ते चौपदरी महामार्ग. लॉस एंजेलिसच्या परिसरातून लास व्हेगासकडे जाणारा आंतरराज्य महामार्ग क्रमांक १५ आणि पूर्वेकडे जाणारा क्रमांक ४० हे दोन्ही मोहावी वाळवंटाला छेदून जातात. क्लिंटन एप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्यतः लेंड्यांतून मिळालेल्या डीएनएच्या आधारे २७ समूहांची तुलना केली. महामार्ग, कालवे आणि वस्त्या यांनी जिथे समूह तोडले होते तिथे जनुकप्रवाह जवळजवळ बंद पडला होता आणि अवघ्या चाळीसेक वर्षांत जनुकीय वैविध्यात १५ टक्क्यांपर्यंत घट झाली होती, असे त्यांनी २००५ साली दाखवून दिले. हे नुकसान पुष्कळ काळ कोणाच्या लक्षात आले नाही, कारण कुंपण आणि रहदारी पाहून मेंढी मागे फिरते, रस्त्यावर कलेवर पडत नाही आणि न झालेल्या प्रवासाची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

तुटलेली वाट जोडताना त्या प्राण्याचा स्वभाव जाणून घ्यावा लागतो. महाराष्ट्रातील पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ खाली प्राण्यांसाठी मोकळ्या जागा सोडल्या गेल्या आणि वाघांसह अनेक प्राणी त्यांतून ये-जा करू लागले. बिगहॉर्नची मात्र सारी भिस्त दूरवर दिसण्यावर आणि उंचीवर असल्यामुळे पुलाखालच्या अंधाऱ्या, बंदिस्त जागेत शिरायला ती कचरते. ॲरिझोनात हूवर धरणाजवळ महामार्ग क्रमांक ९३ चे रुंदीकरण होत असताना संशोधकांनी मेंढ्यांच्या गळ्यात जीपीएस कॉलर बसवून त्या रस्त्यापर्यंत नेमक्या कुठे येतात हे आधी शोधले, आणि त्याच जागी, डोंगराच्या सोंडेला सोंड जोडणारे तीन पूल रस्त्यावरून बांधले गेले. मेंढ्यांना पुलाकडे वळवणाऱ्या कुंपणाची जोड मिळालेल्या या पुलांवरून पुढील काही वर्षांत मेंढ्यांनी हजारो वेळा रस्ता ओलांडला. कॅलिफोर्नियात महामार्ग १५ च्या मधल्या पट्ट्यातून अतिवेगवान रेल्वे नेण्याची योजना आहे, आणि तिच्यामुळे तुटलेल्या वाटा कायमच्या बंद होण्याचा धोका ओळखून २०२३ च्या जानेवारीत तिथेही असे तीन पूल बांधण्याची घोषणा झाली.

जोडणीला एक गंभीर आक्षेपही आहे. पाळीव शेळ्या-मेंढ्यांच्या श्वसनमार्गात राहणारा ‘मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनिए’ हा जिवाणू त्यांना सहसा फारसा त्रास देत नाही, पण रानमेंढ्यांत त्यामुळे न्यूमोनियाच्या प्राणघातक साथी उद्भवतात आणि नंतरही कित्येक वर्षे कोकरे दगावत राहतात. २०१३ साली मोहावीतील ओल्ड डॅड शिखराच्या परिसरात अशी साथ आली. ज्या वाटेने मेंढा जातो त्याच वाटेने रोगही जातो, हे खरे आहे. परंतु वाटा तोडून रोग रोखायचा तर प्रत्येक कळपाला एकाकी ऱ्हासाच्या स्वाधीन करावे लागेल. त्यापेक्षा पाळीव कळपांची चराई रानमेंढ्यांच्या टापूपासून पुरेशी दूर ठेवणे हा मुळावरचा उपाय आहे, आणि त्यासाठी पशुपालकांना पर्यायी कुरणे व योग्य मोबदला मिळाला पाहिजे.

हा प्रश्न भारतालाही परका नाही. लडाखमधील शापू ही रानमेंढी सिंधू आणि श्योक यांच्या खोऱ्यांतील तुलनेने सखल उतारांवर राहते, आणि गावे, शेती, रस्ते व लष्करी तळ यांनाही तोच पट्टा सोयीचा पडतो. नदीकाठच्या अशा लांबट, अरुंद अधिवासात मधला एक तुकडा गेला तरी दोन्ही बाजू एकमेकींना दुरावतात.

वाटांच्या बाबतीत उशीर महाग पडतो, कारण त्या केवळ जमिनीवर नसतात. नव्या जागी नेऊन सोडलेल्या बिगहॉर्नना ऋतूनुसार स्थलांतर करण्याची रीत शिकायला कित्येक दशके लागतात आणि ती एका पिढीकडून दुसरीकडे जाते, असे २०१८ साली वायोमिंगमधील संशोधकांनी सिद्ध केले. पूल दहा वर्षांनीही बांधता येतो. मात्र तोपर्यंत वाट ठाऊक असलेल्या अखेरच्या मेंढ्या मरून गेल्या, तर त्यावरून जायचे असते हे कोकरांना शिकवणारे कोणी उरत नाही. म्हणून रस्त्याची आखणी होईल त्याच नकाशावर, त्याच वेळी, दोन डोंगरांमधली ही वाटही आखली गेली पाहिजे.