फडाची पत्रके आणि कुलूपबंद ज्ञान

अंबड तालुक्यातल्या आमच्या अंतरवाली सराटीचे नाव २०२३ साली आंदोलनामुळे महाराष्ट्रभर पोचले. माझा विषय मात्र फारसा गाजावाजा न होणारा : आपले खेळ आणि त्यांच्यावरचे संशोधन. मी प्राध्यापक नाही. या विषयातले माझे शिक्षण रद्दीच्या दुकानांत आणि अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर झाले. हे वाचन करताना एक प्रश्न सारखा आडवा येतो. आपल्या खेळाडूंविषयी जे ज्ञान तयार होते, ते शेवटी कोणाच्या हाती पडते?

क्रीडा-इतिहास ही विद्याशाखा तशी तरुण आहे. १९८४ साली ब्रिटनमध्ये या विषयाला वाहिलेले एक नियतकालिक निघाले. १९८७ पासून ते ‘द इंटरनॅशनल जर्नल ऑफ द हिस्टरी ऑफ स्पोर्ट’ या नावाने चालते. अशा नियतकालिकाकडे लेख आला की संपादक तो त्या विषयातल्या तज्ज्ञांकडे पाठवतात. त्यांच्या शंकांना उत्तरे देऊन, दुरुस्त्या करून मगच तो छापला जातो. लेखकाला मानधन नसते, परीक्षकालाही बहुधा नसते. वर्गणी मात्र असते, आणि ती ग्रंथालयांनाही जड जाते. लेख सर्वांना मोफत खुला करायचा, तर अनेकदा लेखकाकडून किंवा त्याच्या संस्थेकडूनच मोठे शुल्क घेतले जाते.

आता आपल्याकडे पाहू. पळवणकर बंधूंपैकी बाळू पळवणकर हा चर्मकार समाजातला डावखुरा फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले. विठ्ठलने १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. रामचंद्र गुहा यांनी ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ (२००२) या ग्रंथात पळवणकरांची कहाणी जगापुढे ठेवली, तेव्हा हे मराठी पुस्तक त्यांच्या हाताशी होते. पुढे प्रशांत किदंबी यांनी ‘क्रिकेट कंट्री’ (२०१९) मध्ये १९११ च्या त्या संपूर्ण दौऱ्याचा इतिहास लिहिला. दोन्ही ग्रंथ मोलाचे आहेत. पण कहाणीचा एक मोठा आधार मराठीत आणि तिच्यावरची चर्चा इंग्रजीत, अशी ही उलटी वाट आहे.

कुस्तीचेही तसेच. बडोद्याला द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला. तालीम, मल्लखांब, कुस्ती, देशी खेळ अशी केवढी तरी सामग्री त्यात आहे, आणि ती मराठीत आहे. पश्चिम भारतातल्या शरीरसंवर्धनाच्या चळवळीवर आज लिहिणाऱ्या अभ्यासकाला या खंडांना वळसा घालून जाता येत नाही. जोसेफ ऑल्टर यांचे बनारसच्या पैलवानांवरचे ‘द रेसलर्स बॉडी’ (१९९२) हे कॅलिफोर्निया विद्यापीठाने काढलेले पुस्तक आंतरजालावर मोफत वाचता येते, म्हणून माझ्यासारख्याला ते खेड्यात बसून वाचता आले. त्यानंतर निघालेले अनेक लेख मात्र कुलपात आहेत.

हे कुलूप काढण्याचा एक मोठा सरकारी प्रयत्न नुकताच झाला. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षणसंस्था व केंद्रीय संशोधन संस्था असा तिचा पसारा आहे. जिल्ह्याच्या गावी सरकारी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला यामुळे जे मिळेल, ते आजवर महानगरांतल्या मोजक्या ग्रंथालयांतच मिळत होते. योजनेचे मोल मला मान्य आहे. पण तिचे दार संस्थेच्या नावाने उघडते, वाचकाच्या नावाने नाही. निवृत्त क्रीडाशिक्षक, तालमीचा वस्ताद, गावातला हौशी अभ्यासक हे बाहेरच राहतात. ज्यांच्याविषयी लिहिले जाते, त्यांतले बहुतेक लोक याच बाहेरच्या गर्दीत आहेत.

तरी हात बांधून बसायचे कारण नाही. पुष्कळ विद्यापीठे आपल्या प्राध्यापकांच्या लेखांची अंतिम हस्तलिखिते खुल्या संग्रहात ठेवतात. लॉस एंजेलिसच्या एलए८४ फाउंडेशनचे क्रीडाविषयक डिजिटल ग्रंथालय सर्वांना मोफत आहे. आणि लेखकालाच चार ओळींचे पत्र लिहिले, तर बहुतेक जण आनंदाने लेख पाठवतात. वाचणारा कोणी आहे, याचेच त्यांना अप्रूप असते.

दुसरे काम याहून जवळचे आहे. माझ्या ट्रंकेत जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडाची काही पत्रके आहेत. नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत सारा क्रम त्यांवर छापलेला असतो. इनाम कोणी लावले, मल्ल कोणत्या गावांहून आले, पंच कोण होते, छापखाना कुठला, हे सारे एका कागदावर सापडते. गावातली पत कोणाची होती आणि ती कशी बदलत गेली, हे अशा वीस-पंचवीस पत्रकांवरून वाचता येईल. असा कागद परदेशातल्या कोणत्याही संग्रहालयात नसेल. तो इथे जपला, तरच पुढे कोणाच्या तरी तळटीपेत जाईल. एरवी त्यात भजी बांधली जातात.

या पत्रकांत एक उणीव मात्र हमखास आढळते. तिथी असते, वार असतो, पण साल बहुधा नसते. छापणाऱ्याला त्याची गरजच वाटली नसणार. पुढच्या आठवड्यातला फड कोणत्या सालातला, हे कोण विचारतो? म्हणून जाणत्या माणसांना विचारून मी प्रत्येक पत्रकाच्या पाठीमागे पेन्सिलीने साल लिहितो. वाचकहो, तुमच्या घरी असा एखादा कागद असेल, तर तेवढे जरूर करा. सांगणारी माणसे आहेत, तोवरच ते साल कळेल.