जिभेच्या आकाराचे गणित

न्यू जर्सीतील पिस्कॅटवे येथे, रटगर्स विद्यापीठाच्या एका संशोधन केंद्राची सूत्रे जेम्स फ्लॅनगन यांनी बेल लॅब्जमधील 33 वर्षांच्या सेवेनंतर 1990 मध्ये हाती घेतली, आणि मुखपोकळीतून हवा कशी वाहते याचे गणित मांडून संगणकाकडून उच्चार घडवण्याचे काम तिथेही झाले. मात्र असे गणित मांडण्याआधी जिभेचा आकार संख्यांत सांगता यावा लागतो, आणि जिभेला हाड नसते ही एरवी वाचाळांविषयीची तक्रार इथे शास्त्रज्ञांना शब्दशः भोवते. सांधा नाही, ठरलेला कोन नाही, मग मोजायचे काय?

याचे नेटके उत्तर रिचर्ड हार्शमन, पीटर लॅडफोगेड आणि लुई गोल्डस्टाइन यांनी 1977 मध्ये दिले. 5 भाषक इंग्रजीचे 10 स्वर उच्चारत असतानाच्या क्ष-किरण चित्रांवर रेषांची जाळी टाकून त्यांनी प्रत्येक स्वरासाठी जिभेची पातळी 13 ठिकाणी मोजली. या 650 आकड्यांवर त्यांनी घटक विश्लेषण, म्हणजे अनेक मापांच्या एकत्रित चढउतारामागील मोजकी कारणे शोधण्याची सांख्यिकी पद्धत, वापरली आणि केवळ दोन घटक पुरेसे ठरले. पहिल्यात जिभेचे मूळ पुढे सरकून तिचा पुढचा भाग टाळूकडे उचलला जातो, तर दुसऱ्यात मागचा भाग वर आणि मागे जातो. 'ई' म्हणता म्हणता 'ऊ'कडे वळल्यास या दोन्ही हालचाली तोंडात जाणवतात. नेहमीच्या घटक विश्लेषणात घटकांचे अक्ष हवे तसे फिरवता येतात, त्यामुळे त्यांचा अर्थ लावणे बरेचसे मर्जीवर राहते. इथे स्वर आणि मोजणीची ठिकाणे यांच्या जोडीला व्यक्ती ही तिसरी बाजू आल्याने ती मोकळीक उरली नाही, आणि या अभ्यासाचे खरे बळ तेच आहे. मूळ हालचाली सर्वांच्या सारख्याच मानून, कोण कोणती हालचाल किती वापरतो एवढाच फरक व्यक्तीपरत्वे धरण्यात आला. अर्थात, 5 माणसे म्हणजे फार नव्हेत.

या निष्कर्षाचा उपयोग उलट्या प्रश्नात दिसतो. ध्वनीवरून जिभेचा आकार ओळखता येईल का, हे बेल लॅब्जमधील बिष्णू अटल आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये संगणकावर तपासले, तेव्हा वेगवेगळ्या आकारांतून एकच ध्वनी निघू शकतो असे आढळले. पण जीभ दोनच प्रमुख दिशांनी हलते असे गृहीत धरल्यास यांतील कित्येक आकार आपोआप बाद होतात. ही सोय स्वरांपुरतीच आहे, कारण जिभेचे टोक मागे वळवावे लागणाऱ्या 'ळ'सारख्या व्यंजनाला एवढ्या दोन संख्या अपुऱ्या पडतात.