भिंगाचे झाकण आणि भिंगाची निगा
लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. तो वाया जाऊ नये म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगांवर परावर्तनरोधक लेप, म्हणजे प्रकाशाला मागे फिरू न देणारा पारदर्शक थर, दिलेला असतो. मॅग्नेशियम फ्लोराइडच्या अशा एका थराची जाडी जेमतेम १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग, असल्यामुळे वाळूचा कण बसलेले भिंग रुमालाने पुसल्यास त्यावर कायमचा ओरखडा उमटू शकतो.

झाकणाचे महत्त्व यातूनच स्पष्ट होते. छायाचित्रण चालू असताना काढलेले झाकण ठरलेल्या, अस्तर स्वच्छ असलेल्या एकाच खिशात ठेवावे आणि पुन्हा लावण्यापूर्वी त्याच्या आतल्या बाजूची धूळ फुंकणीने उडवावी; अन्यथा तीच धूळ काचेवर बसते. झाकण काढलेले असताना भिंगापुढील कडे, म्हणजेच हुड, आडवा प्रकाश अडवते आणि धक्काही झेलते. भिंग बदलताना कॅमेऱ्याचे तोंड खाली ठेवावे आणि उतरवलेल्या भिंगाला मागचे झाकण लगेच लावावे.

कोकण किनाऱ्यावर खारे तुषार, तर पावसाळी सह्याद्रीत दमट हवा, हा मुख्य धोका असतो. ओलसर भिंग झाकण लावून पिशवीत बंद केल्यास आत ओल कोंडते व बुरशी वाढते. म्हणून ते आधी कोरडे करून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवणे हितावह ठरते.